एवढी एक चौकट इंग्रजीत का राहिली?

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपून चार दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत नववीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी करतात. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे घरात आलेला मराठी कागद वाचायचे काम त्यांचेच. मुलीचा अर्ज त्यांनी स्वतः मोबाईलच्या ॲपवर भरला होता. आमच्या शाळेच्या यादीत मात्र तिच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असे दिसत होते.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. नाव, जन्मतारीख, इयत्ता, बँक खाते, सगळे नीट भरलेले. शेवटच्या पानावर उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो जोडायचा होता. फोटो निवडला की मधोमध एक छोटी चौकट उघडायची. फाईल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी आहे, असे तिच्यात इंग्रजीत लिहिलेले. खाली दोन बटणे, तीही इंग्रजीत. त्यांनी त्यातले पहिले दाबले, चौकट गेली. अर्ज झाला असे समजून ते कामावर निघून गेले.

“सर, सब मराठीमें था. उत्तीच एक चौकट अंग्रेजीमें आयी. मैं समझा अपने काम की नै हुंगी.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. अर्ज सगळाच्या सगळा इंग्रजीत असता तर ते गल्लीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराकडे गेले असते, नाहीतर माझ्याकडे आले असते. पण ॲप पहिल्या पानापासून त्यांच्याशी मराठीत बोलत होते. त्यांचा विश्वास बसला. मग मध्येच जे इंग्रजीत आले ते आपल्यासाठी नसणार, असे त्यांनी मानले. या विचारात मला काही चूक दिसत नाही. औषधाच्या पाकिटावर कारखान्याचे जे बारीक आकडे छापलेले असतात ते आपण तरी कुठे वाचतो? जे आपल्यासाठी आहे ते आपल्या भाषेत असेल, असे धरून चालतो.

त्या मुलीचे ते वर्ष गेले. वह्या-पुस्तकांचे आम्ही शिक्षकांनी मिळून पाहिले. पण शिक्षकांनी केलेली मदत आणि हक्काने खात्यात जमा झालेली रक्कम यात फरक असतो, आणि तो नववीतल्या मुलीला बरोबर कळतो.

पुढे ईदला पुण्याहून भाचा आला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत मोबाईलची ॲप लिहितो. शीरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून त्याने माझ्या फोनवर ते ॲप उघडले, मुद्दाम मोठा फोटो जोडला, चौकट पाहिली आणि म्हणाला, “मामू, ये उन लोगां का नै है. लायब्ररी का है.”

लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कपाटे आणि शिक्के मारलेली पुस्तके आली. त्याची लायब्ररी वेगळी निघाली. ॲप बनवणारे सगळेच स्वतः लिहीत बसत नाहीत. तारीख निवडायचे कॅलेंडर, फोटो जोडायची खिडकी, सही घ्यायचा चौकोन असे भाग कोणीतरी एकदा लिहून ठेवलेले असतात आणि कितीतरी ॲप तेच उचलून वापरतात. सुतार दरवाजा घडवतो, पण बिजागरी आणि कडी-कोयंडा बाजारातूनच आणतो, तसे. अशा तयार भागाला ते लोक लायब्ररी म्हणतात.

म्हणजे झाले असे असणार. ॲपवाल्यांनी आपल्या वाक्यांची यादी काढली आणि ती मराठीत करून घेतली. फोटो जोडायचा भाग बाहेरचा होता. त्याच्या पोटातली वाक्ये त्या यादीत आलीच नाहीत. तपासताना कोणीतरी लहानसा फोटो जोडून पाहिला, तो जोडला गेला, त्यामुळे ती चौकट त्यांच्यासमोर कधी उघडलीच नाही. काही बिघडले की दिसणारी वाक्ये अशीच शेवटी आठवतात. खरे तर माणसाला आपल्या भाषेची सर्वांत जास्त गरज त्याच क्षणी असते.

भाच्याने पुढे जे सांगितले ते मी माझ्यासाठी पाठ्यपुस्तकाच्या उदाहरणाने समजून घेतले. बालभारतीची पुस्तके मराठीत निघतात तशी उर्दूतही निघतात. समजा भूगोलाच्या पुस्तकात महाराष्ट्राचा नकाशा आहे. नद्यांची आणि जिल्ह्यांची नावे चित्रातच रंगवून टाकली असतील तर उर्दू पुस्तकासाठी नकाशा पुन्हा काढावा लागेल. चित्र वेगळे आणि नावे वेगळी ठेवली असतील तर त्याच नकाशावर उर्दू नावे बसवता येतात. लायब्ररीचेही असेच. ‘फाईल मोठी आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्याने थेट कोडात कोरून ठेवले की ते तिथून हलत नाही. त्याऐवजी कोडात फक्त एक खुणेचे नाव ठेवायचे आणि प्रत्येक भाषेचा वेगळा तक्ता करायचा. मराठीच्या तक्त्याला ‘एमआर’, उर्दूच्या तक्त्याला ‘यूआर’ अशी दोन अक्षरी ओळख असते. फोन ज्या भाषेत असेल त्या तक्त्यातून त्या खुणेपुढचे वाक्य उचलले जाते.

एकट्या ॲपसाठी हे सोपे आहे. लायब्ररी मात्र दुसऱ्याच्या घरात राहायला जाते, आणि तिने कोणाचा तक्ता वाचायचा, स्वतःचा की यजमानाचा, हा प्रश्न उभा राहतो. आयफोनवर वाक्य शोधताना नेहमीच्या पद्धतीने यजमान ॲपचा तक्ता पाहिला जातो. लायब्ररीने ‘माझ्या स्वतःच्या गाठोड्यात पाहा’ असे स्पष्ट सांगावे लागते. ते राहिले आणि यजमानाकडे ते वाक्य नसले, तर पडद्यावर वाक्याऐवजी ते खुणेचे नावच उमटते. काही ॲपमध्ये मध्येच ‘एरर_फाईल_साईझ’ असले काहीतरी दिसते, ते याच कारणाने. ॲपलच्या स्विफ्ट भाषेतल्या पॅकेजांना आपली भाषांतरे सोबत बाळगण्याची सोय २०२० साली स्विफ्टच्या ५.३ आवृत्तीत आली. फार जुनी गोष्ट नाही.

त्यातही एक मेख आहे. आयफोनवर यजमान ॲपने ‘मला मराठी येते’ असे जाहीर केलेले नसेल, तर लायब्ररीत मराठी तक्ता असूनही तो सहसा उघडला जात नाही. दोन भाषा एकत्र चालतील अशी वेगळी नोंद यजमानाने करावी लागते. अँड्रॉइडवर उलटे होऊ शकते. ॲप इंग्रजीत आणि त्यातले कॅलेंडर तेवढे मराठीत, कारण कॅलेंडरच्या लायब्ररीत मराठी आहे आणि फोनही मराठीत आहे. अँड्रॉइडवर ॲप आणि लायब्ररी यांची वाक्ये शेवटी एकाच ढिगात मिसळतात, आणि दोघांनी एकच खुणेचे नाव वापरले असेल तर ॲपचे वाक्य टिकते. याचा फायदा असा की लायब्ररीचे वाक्य आवडले नाही तर ॲपवाल्याला ते बदलता येते. तोटा असा की लायब्ररीने ‘टायटल’ किंवा ‘कॅन्सल’ अशी मोघम नावे वापरली असतील तर दोघांची नकळत टक्कर होते. म्हणून शहाणे लोक खुणेच्या नावाआधी लायब्ररीचे नाव लावतात. एका वर्गात तीन आयेशा असल्या की आपण हजेरीत आडनाव लावतो ना, तसेच.

इतके ऐकल्यावर भाच्याने आपले काम माझ्या गळ्यात घातले. त्याच्या कंपनीचीही अशी एक लायब्ररी होती आणि तिच्यात ६४ वाक्ये होती. “मामू, मराठी-उर्दू तुमारा काम है,” म्हणाला. मला वाटले, एका बैठकीत संपेल. दोन रविवार गेले, कारण बरीचशी वाक्ये अखंड नव्हतीच. इंग्रजीचे तुकडे होते आणि ते मशीन जोडत होते.

पहिलेच उदाहरण. ‘स्टेप २ ऑफ ५’. कोडात ‘स्टेप’, मग आकडा, मग ‘ऑफ’, मग दुसरा आकडा असे शिवलेले. मराठीत आपण ‘५ पैकी २री पायरी’ म्हणतो, उर्दूतही पाच आधी येतो. तुकडे सुटे भाषांतरित केले तर ‘पायरी २ चा ५’ होते. म्हणून अख्खे वाक्य एकत्र हवे आणि रिकाम्या जागांना क्रमांक हवेत, म्हणजे भाषांतर करणाऱ्याला दुसरी जागा आधी घेता येते.

दुसरे अनेकवचनाचे. लिहिणाऱ्याने एकापेक्षा जास्त असले की शब्दाला ‘एस’ लावायचा, अशी युक्ती केली होती. मराठीत ‘मुलगी’चे ‘मुली’ होते, ‘फोटो’ तसाच राहतो, ‘पान’चे ‘पाने’ होते. शेपूट लावून भागत नाही. मराठी आणि उर्दूला एकवचन आणि अनेकवचन असे दोन साचे पुरतात, अरबीला सहा लागतात. दोन्ही मोठ्या कंपन्यांनी यासाठी सोय करून ठेवली आहे. ती वापरायची की ‘एस’ चिकटवायचा, हे लायब्ररी लिहिणाऱ्याच्या हातात असते.

तिसरे सामान्यरूपाचे. ‘पुणे मध्ये’, ‘शाळा ला’ असली मराठी आपण मोबाईलवर रोज वाचतो. पाचवीच्या मुलाने असे लिहिले तर मी लाल शाईने गोल करतो. मशीन मात्र यादीतले नाव उचलून त्याला प्रत्यय चिकटवते. पुण्याचे ‘पुण्या’ आणि शाळेचे ‘शाळे’ करायला त्याला कोणी शिकवलेले नसते. यावर उपाय व्याकरणातच सापडतो. वाक्यच असे रचायचे की नावाला प्रत्यय लागू नये. ‘जिल्हा: पुणे’, ‘शाळेचे नाव:’ अशी मांडणी केली की प्रश्न मिटतो. तसेच मुलीच्या नावापुढे ‘आज शाळेत आला नाही’ असा निरोप पालकांना जाऊ नये म्हणून ‘आजची हजेरी: गैरहजर’ इतकेच लिहिले. लिंगाचा गोंधळ राहिला नाही.

चौथे ‘कॅन्सल’चे. एका चौकटीत विचारले होते, अर्ज कॅन्सल करायचा का? खाली बटणे, ‘कॅन्सल’ आणि ‘ओके’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ आणि खाली ‘रद्द करा’ व ‘ठीक’. आता ज्याला अर्ज ठेवायचा आहे त्याने काय दाबावे? मी ‘अर्ज रद्द करा’ आणि ‘मागे जा’ असे लिहिले. पण ते ‘कॅन्सल’ दहा ठिकाणी एकाच खुणेने वापरलेले, त्यामुळे इथे बदलले की सगळीकडे ‘मागे जा’ झाले. शेवटी भाच्याला प्रत्येक जागेसाठी वेगळी खूण करावी लागली. इंग्रजीत एकच शब्द आहे म्हणून मराठीतही एकच पुरेल असे नसते. ‘ओपन’ म्हणजे ‘उघडा’ ही आज्ञा की ‘खुले’ ही स्थिती, हे भाषांतर करणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवे. वाक्याशेजारी एका ओळीची टीप ठेवली की झाले.

या कामात मला एक सुखही मिळाले. अर्ज, तारीख, मुदत, रद्द, मंजूर, हजर, जमा, बाकी, नक्कल, दुरुस्ती. सरकारी मराठीतले हे शब्द अरबी-फारसीतून आले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, असे शब्द बदलायचा प्रयत्न झाला, तरी हे शब्द मराठीत राहिलेच, आज ते मराठीच आहेत. उर्दूचा तक्ता भरताना वाटले, निम्मे काम तर आधीच झालेले आहे. पण इथेच ठेचही लागते. मराठीत ‘दाखला’ म्हणजे प्रमाणपत्र, उर्दूत ‘दाख़िला’ म्हणजे प्रवेश. मराठीत ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण, उर्दूत ‘ख़ुलासा’ म्हणजे सारांश. ‘राजीनामा’ मराठीत नोकरी सोडायला देतात, उर्दूत ‘राज़ीनामा’ म्हणजे तडजोडीचा कागद. एका तक्त्यातले शब्द फक्त लिपी बदलून दुसऱ्यात टाकले तर उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी उत्पन्नाचा प्रवेश मागितला जाईल. दोन्ही भाषांत वावरणारा माणूस इथे लागतो, आणि अशी माणसे महाराष्ट्रातल्या उर्दू शाळांमध्ये भरपूर आहेत.

उर्दूची आणखी एक अडचण दिसण्याची आहे. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच लिहिले जातात. अँड्रॉइडने अशा मांडणीची सोय २०१२ मध्ये ४.२ आवृत्तीत दिली. लायब्ररी लिहिणाऱ्याने ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ ऐवजी ‘सुरुवातीला’ आणि ‘शेवटी’ असे सांगितले की पान आपोआप फिरते. नस्तालीक लिपी तिरकी उतरते, तिला उंची जास्त लागते. बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवून टाकली की उर्दूचे खालचे नुक्ते कापले जातात आणि मराठीचे उकार व रफार. हेही लायब्ररीतच ठरते. ॲपवाल्याला ते नंतर दुरुस्त करणे जड जाते.

आता माझे म्हणणे. मराठीसाठी आपण पाट्यांचा आग्रह धरतो. २०२२ साली राज्याने लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक केली. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. याचा मला आनंद आहे. पण माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांना दुकानाच्या पाटीने अडवले नाही. त्यांना अडवले ते मराठी पाटी लावलेल्या दुकानाच्या आतल्या एका दाराने. अर्धवट भाषांतर हे काहीच नसण्यापेक्षा जास्त फसवे असते, कारण वाचणारा त्याच्यावर विसंबतो. म्हणून जो भाग शेकडो ॲपमध्ये जाऊन बसणार आहे, त्याच्या भाषेची काळजी आधी घेतली पाहिजे. एका ॲपमधली चूक सुधारली तर एक ॲप सुधारते. लायब्ररीतले एक वाक्य सुधारले तर जी ॲप तिची नवी आवृत्ती घेतील त्या सगळ्यांत ते पोहोचते.

कोणी म्हणेल, ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ आता सगळ्यांना कळते. कळत असेल. मीही ‘फाईल’ला ‘संचिका’ म्हणा असे सांगणार नाही, ‘फोटो’ आणि ‘फाईल’ मराठीच झाले आहेत. पण ते देवनागरीत लिहा आणि त्याभोवतीचे वाक्य मराठीत असू द्या. दुसरे कोणी म्हणेल, आता यंत्रच भाषांतर करते, शिक्षकाची गरज काय? यंत्राला अख्खे वाक्य दिले तर ते बऱ्यापैकी करते. ‘ऑफ’ एवढाच तुकडा दिला तर ते तरी काय करणार? आणि ‘दाखला’ म्हणजे इथे काय, हे शेवटी कोणीतरी वाचून पाहावे लागतेच.

मागणी मोठी नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी वाक्ये कोडात कोरू नयेत, अखंड वाक्ये ठेवावीत, यजमानाला ती बदलता यावीत आणि कोणत्या भाषा आहेत ते वर्णनात लिहावे. ॲप करून घेणाऱ्या कार्यालयांनी आणि संस्थांनी कामाच्या अटींत ‘बाहेरून घेतलेल्या भागांसह सगळा मजकूर मराठीत’ एवढी एक ओळ घालावी. तपासताना फोन मराठीत करावा आणि मग मुद्दाम चुकावे. इंटरनेट बंद करावे, मोठा फोटो जोडावा, चुकीचा ओटीपी टाकावा, आणि समोर काय येते ते पाहावे. आम्ही शिक्षकांनी तक्रारीवर न थांबता हातही लावावा. अनेक लायब्रऱ्या खुल्या असतात आणि कोणीही पाठवलेले भाषांतर तपासून घेतात. त्यासाठी कोड यायला लागत नाही. मला येत नाही.

त्या ६४ वाक्यांतले एक फोटोचे होते. मी लिहिले, ‘हा फोटो खूप मोठा असल्यामुळे जोडला गेला नाही. अर्ज अजून पूर्ण झालेला नाही. लहान फोटो निवडा.’ मूळ इंग्रजीत मधले वाक्य नव्हते. भाच्याने विचारले, हे कशाला वाढवले? मी त्याला त्या वडिलांची गोष्ट पुन्हा सांगितली. मग त्याने इंग्रजीतही ते वाक्य घातले.

शिष्यवृत्तीचे ते ॲप अजून तसेच आहे. यंदा ती मुलगी दहावीत आहे. तिचे वडील रात्रपाळी संपवून सरळ शाळेत आले, माझ्या शेजारी बसले आणि अर्ज त्यांनीच भरला. शेवटी ती इंग्रजी चौकट उघडली, तेव्हा बोट बटणावर न नेता त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.